बाटली काळी पडली, पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यात पाण्याच्या तक्रारीत फ्लोराइडचे नाव हमखास येते. बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड दातांवर डाग पाडते, हाडे वाकवते, पण त्याला वर्षे लागतात. पावसाळ्यात विहिरीत उतरणारे जंतू काही दिवसांतच गाव आडवे करतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे जुलै २०२२ मध्ये तेच झाले. उघड्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या वस्तीत कॉलरा पसरला.

कॉलरा, टायफॉइड, हगवण, प्रत्येकाचा जंतू निराळा. ते एकेक करून शोधणे गावपातळीवर शक्य नसते. म्हणून आधी एवढेच तपासतात, की पाण्यात विष्ठा मिसळली आहे का?

त्यासाठीची सोपी चाचणी के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये मांडली. बाटलीतल्या कागदी पट्टीत जंतूंचे खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. आतड्यातले अनेक जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. बाटली ३० ते ३७ अंशांत दिवसभर ठेवली की पुरते. विदर्भाच्या उकाड्यात इनक्युबेटरवाचूनही अनेकदा भागते.

मात्र ही बाटली जंतूचे नाव सांगत नाही. मातीतले काही जंतूही तिला फसवतात. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे विष्ठेची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जंतू शोधला जातो. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही नसावा, असे भारतीय मानक सांगते. नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, वेळेत पोचावा लागतो. नळाच्या पाण्यासाठीच्या बाटलीत आधीच थायोसल्फेट घातलेले असते. ते नसेल तर उरलेले क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहते आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

नेमका जंतू ओळखण्याची वेळ साथीत येते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. अशा तपासाला पीसीआरसारखी साधने आणि तज्ज्ञ लागतात.

गावात जलसुरक्षकाच्या हाती असते ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट. थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. म्हणून शेवटच्या नळाचे पाणी पिवळे होत नसेल, तर टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा त्याच दिवशी तपासून वाढवावी लागते. बाटलीचा निकाल यायला दुसरा दिवस उजाडतो.