लघुउपग्रहांची उड्डाण-आज्ञावली : संक्षेपाची गरज

इ. स. १९९९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी प्वीग-सुआरी यांनी १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती उपग्रहाचा, म्हणजे 'क्यूबसॅट'चा, आराखडा मांडला. त्यामुळे उपग्रहनिर्मिती महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. अशा उपग्रहात बाजारात मिळणारे साधे सूक्ष्मनियंत्रक आणि मर्यादित स्मृती वापरली जाते; तेव्हा त्याची आज्ञावली लहान असणे ओघानेच येते. परंतु जागेची टंचाई हे या संक्षेपाचे केवळ एक कारण होय. आज्ञावली लहान असेल तरच ती पूर्णपणे वाचता व तपासता येते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहे.

उड्डाण-आज्ञावलीची कामे मोजकी असतात : भूकेंद्राच्या आज्ञा स्वीकारणे, दूरमापनाची माहिती पाठविणे, विजेरीची पातळी राखणे, यानाची दिशा सांभाळणे. अडचण आहे ती परिस्थितीची. पृथ्वीनजीकच्या कक्षेतील उपग्रह एका भूकेंद्राला दिवसातून काही वेळाच आणि तेही काही मिनिटेच दिसतो. शिवाय भारित कणांच्या आघाताने स्मृतीतील एखाद्या शून्याचा एक होऊ शकतो. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी तेथे कोणी जाऊ शकत नाही.

'प्लॅनेटरी सोसायटी' या संस्थेच्या 'लाइटसेल-१' या यानाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तीन क्यूबसॅट एकावर एक ठेवावेत एवढ्या आकाराचे हे यान २० मे २०१५ रोजी अवकाशात गेले आणि दोनच दिवसांनी मुके झाले. कारण अगदी क्षुल्लक होते. प्रत्येक संदेश-प्रक्षेपणाबरोबर यानावरील एका फाइलीत नोंदीची भर पडत होती. ती फाइल ३२ मेगाबाइटची झाली आणि संगणक गोठला. गोठलेला संगणक आज्ञा ऐकणार कसा? भूकेंद्रावरून 'पुन्हा सुरू हो' अशी आज्ञा वारंवार धाडण्यात आली, पण ती व्यर्थ गेली. अखेर ३० मे रोजी यान आपोआप सुरू झाले. त्याचे श्रेय बहुधा एखाद्या भारित कणाला द्यावे लागते. एरवी ज्यांचे भय बाळगायचे, त्यांचीच येथे वाट पाहावी लागली! ७ जून रोजी ३२ चौरस मीटरचे शीड उलगडले आणि १४ जूनच्या सुमारास यान वातावरणात जळून गेले. विशेष म्हणजे हा दोष आज्ञावलीच्या नंतरच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला होता. यानावर मात्र जुनीच आवृत्ती होती.

या दोषावरचे उपाय नवे नव्हते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षितता-संवेदी आज्ञावलीसाठी दहा नियम मांडले. आरंभानंतर नवी स्मृती मागू नये, प्रत्येक आवर्तनाला निश्चित मर्यादा असावी, कोणतेही फंक्शन सुमारे ६० ओळींपेक्षा, म्हणजे छापील एका पानापेक्षा, मोठे नसावे, हे त्यांतील काही. नोंदींच्या फाइलीलाही हाच न्याय लावता येतो : ठरावीक जागा भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून तेथेच नवी लिहावी. याच्या जोडीला 'वॉचडॉग टायमर' हवा. आज्ञावलीने ठरावीक वेळात आपली हजेरी दिली नाही, तर हे घड्याळ संगणकाला नव्याने सुरू करते. मात्र ते मुख्य संगणकापासून स्वतंत्र असावे, अन्यथा तेही त्याच्याबरोबरच गोठण्याचा धोका राहतो.

जे काम आज्ञावलीवाचून होते, ते तिच्याकडे न सोपविणे हाही संक्षेपाचाच एक मार्ग. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला, सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ मधून प्रक्षेपित झाला. त्याची दिशा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधारे, चुंबकाच्या साहाय्याने, वीज न वापरता स्थिर राखण्याची योजना होती. दिशानियंत्रणाची आज्ञावलीच नसल्याने तिच्यातील चुकांचाही प्रश्न उरला नाही.

महाविद्यालयीन प्रकल्पांत आणखी एक अडचण संभवते. काम अनेक वर्षे चालते, आणि ज्याने आज्ञावली लिहिली तो विद्यार्थी प्रक्षेपणापूर्वीच पदवी घेऊन गेलेला असतो. मागे राहिलेल्यांना ती ओळ न् ओळ समजली नाही, तर दुरुस्ती कोण करणार? दुसरा प्रश्न चाचणीचा. लाइटसेलमधील दोष उघड व्हायला यंत्रणा सुमारे दोन दिवस अखंड चालावी लागली; प्रयोगशाळेतील दोन तासांच्या तासिकेत तो कधीच दिसला नसता. संपूर्ण यंत्रणा टेबलावर मांडून काही आठवडे न थांबवता चालविण्यास विजेखेरीज फारसा खर्च येत नाही. परंतु परीक्षांचे वेळापत्रक जवळ आले की सर्वप्रथम कात्री लागते ती याच चाचणीला.