हत्ती, झुंबरे आणि संगणक

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली बांधविला. तेथील दरबार हॉलमध्ये दोन झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद अजमावली, असे सांगतात.

या परीक्षेत छत पुरेसे आहे एवढेच कळते. त्यात माल जास्त किती पडला, हे हत्ती सांगत नाही. संगणक ते सांगू शकतो. तो आराखड्याचे लहान लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढतो, जेथे ताण नगण्य तेथील माल कमी करतो, जेथे अधिक तेथे वाढवतो आणि पुन्हा हिशेब मांडतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर कमी मालात पुरेशी बळकटी देणारा आकार हाती येतो.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे परके नाही. अटी पाळून खर्च किमान ठेवावयाचा, हेच ते गणित. मात्र अटींत झुंबराचा भार लिहावयाचा राहिला, तर संगणक बिनचूक हिशेब करून धोक्याचे छत देईल! म्हणून शिकणाऱ्याने आज्ञावलीच्या आधी भार ओळखावयास शिकावे. हत्ती चढविणाऱ्यांना तो नक्की ठाऊक होता.