राखीव जागेपासून सरकत्या रांगेपर्यंत : ‘झेल्डा’ मालिकेतील मेन्यूची वाटचाल
(लेखमाला : व्हिडिओ गेमची घडण – लेखांक ९)

खेळ चालू असतानाच पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या माहितीपट्टीचा विचार मागील लेखांकात झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो बटण दाबल्यावर उघडणारा मेन्यू, म्हणजेच खेळाडूने मिळवलेल्या वस्तू, नकाशा आणि कामगिरीची नोंद एकत्र मांडणारा स्वतंत्र पडदा. निन्टेन्डो या जपानी कंपनीची ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ ही मालिका १९८६ पासून चालू असून, तिचा नायक लिंक जवळपास प्रत्येक खेळात बूमरँग, बॉम्ब, धनुष्य अशी साधने जमवत जातो. त्यामुळे या पडद्यात काय बदलले आणि का बदलले, हे तिच्यात फार स्पष्टपणे पाहता येते.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आकाराला आणलेल्या पहिल्या खेळात, फॅमिकॉम या यंत्राच्या नियंत्रकावर कृतीसाठी दोनच बटणे उपलब्ध होती. त्यांपैकी ‘ए’ तलवारीसाठी कायमचे राखून ठेवलेले असल्यामुळे उरलेली सर्व साधने ‘बी’ या एकाच बटणावर आळीपाळीने आणावी लागत, आणि त्यासाठी ‘स्टार्ट’ दाबताच वरून खाली सरकत येणारा पडदा योजलेला होता. त्यावर प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असे आणि ते मिळेपर्यंत ती रिकामी राहत असे. खालच्या बाजूला ट्रायफोर्स या पवित्र त्रिकोणाची बाह्यरेषा दिसे, जी आठ तुकडे मिळत जातील तसतशी भरत जाई. एवढ्या छोट्या जागेत खेळाडूला जवळ असलेले आणि अजून मिळवायचे असलेले, दोन्ही एकदम दिसत असे, आणि हीच या मांडणीची खरी थोरवी होय. शिवाय जागा बदलत नसल्यामुळे काही काळाने डोळ्यांपेक्षा बोटेच वस्तू शोधू लागतात.

‘अ लिंक टू द पास्ट’ (१९९१) या खेळाने हीच पद्धत वीस चौकटींपर्यंत वाढवली. ‘लिंक्स अवेकनिंग’ (१९९३) मात्र गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी असल्याने पुन्हा दोनच बटणांवर आला आणि त्यात तलवारसुद्धा सक्तीची राहिली नाही. निवडलेली वस्तू बटणावर गेली की बटणावरची वस्तू तिच्या चौकटीत येऊन बसे. परिणामी राखीव जागा मोडली, आणि उडी मारण्याचे पीस, जड वस्तू उचलण्याचे कडे व ढाल यांची अदलाबदल करण्यासाठी मेन्यू वारंवार उघडावा लागू लागला. २०१९ मधील नव्या आवृत्तीत तलवार, ढाल आणि धावण्याचे बूट यांना स्वतंत्र बटणे मिळाली व कडे आपोआप काम करू लागले, तेव्हा कुठे तो त्रास संपला.

त्रिमितीय चित्रणाच्या काळातील ‘ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये साधने, नकाशा, मोहिमेची स्थिती आणि पोशाख अशी चार पाने एका पेटीच्या चार भिंतींप्रमाणे मांडलेली असून ती गोल फिरवता येतात. ही रचना देखणी आहे. परंतु तिच्यातील एका वर्गीकरणाची किंमत खेळाडूंना जलमंदिरात मोजावी लागली. पाण्यात बुडण्यासाठी लोखंडी बूट घालावे लागतात आणि वर येण्यासाठी ते काढावे लागतात. पण हे बूट साधनांत न धरता पोशाखात धरल्यामुळे ते बटणावर लावता येत नव्हते. म्हणून प्रत्येक वेळी खेळ थांबवायचा, पोशाखाच्या पानावर जायचे, बूट निवडायचे आणि मेन्यू बंद करायचा, हा क्रम त्या मंदिरात वारंवार करावा लागे. पाण्याची पातळी बदलत मार्ग काढण्याचे मूळचे कोडे उत्तम रचलेले असूनही त्या मंदिराची कुप्रसिद्धी या पडद्यामुळेच अधिक झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएस आवृत्तीत हेच बूट साधनांत हलवले गेले आणि स्पर्शपडद्यावरून एका क्षणात चढवता-उतरवता येऊ लागले.

त्याच वर्षीच्या ‘स्कायवर्ड सोर्ड’ने खेळातील काळ न थांबवता, बटण दाबून धरल्यावर साधनांचे कडे उघडण्याची पद्धत आणली. ‘विंड वेकर’च्या २०१३ च्या आवृत्तीत वस्तूंची मांडणी विई यू यंत्राच्या हातातील पडद्यावर गेली. परंतु ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ घडत असताना, दूरचित्रवाणीवरून हातातील पडद्याकडे सतत पाहिल्याने लक्ष विचलित होते, या कारणाने निर्मात्यांनी ती वाट सोडली.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या या खेळाने मेन्यूचे स्वरूपच पालटले, कारण मोजक्या कायम साधनांच्या जागी मोडणारी शस्त्रे, फळे, अळंबी, राक्षसांची शिंगे अशा संपून जाणाऱ्या असंख्य वस्तू आल्या. अशा वस्तूंना राखीव जागा ठेवणे शक्य नव्हते. एक फळ संपले की त्यामागची सारी रांग पुढे सरकते आणि बोटांची ओळख निरुपयोगी ठरते. स्वयंपाकासाठी तर मेन्यूतून पाच जिन्नसांपर्यंत निवडून लिंकच्या हातात द्यावे लागतात आणि मेन्यू बंद करून ते भांड्यात टाकावे लागतात. जमलेल्या पाककृतींची नोंद खेळ ठेवत नसे. ती सोय ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने मे २०२३ मध्ये दिली. पण याच खेळात बाणाला वस्तू जोडण्याची नवी युक्ती आली आणि ओझे दुसरीकडून वाढले. धनुष्य ताणून वरच्या दिशेचे बटण दाबून धरले की काळ थांबतो आणि सर्व साहित्य एका आडव्या रांगेत दिसू लागते. त्यातून लक्ष्याचा पाठलाग करणारा वटवाघळासारख्या कीझचा डोळा शोधून बाणाला लावायचा, बाण सोडायचा, आणि पुढच्या बाणासाठी तीच रांग पुन्हा चाळायची. सर्वाधिक वापरलेल्या वस्तू पुढे आणण्याची सोय आहे खरी. परंतु तिने शोध फक्त लांबणीवर पडतो, कारण क्वचित लागणारी आणि म्हणूनच ऐनवेळी हवी असलेली वस्तू नेमकी शेवटाकडे ढकलली जाते.

सप्टेंबर २०२४ मधील ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये राजकन्या झेल्डा पलंगापासून राक्षसांपर्यंत १२७ गोष्टींच्या प्रतिकृती निर्माण करते, आणि झटपट निवडीसाठी तीच आडवी रांग पुढे येते. येथे प्रतिकृती एकदा मिळाली की कधीच संपत नाही, त्यामुळे १९८६ प्रमाणे प्रत्येकीला ठरलेली जागा देणे सहज शक्य होते. ती संधी निर्मात्यांनी घेतली नाही, हा या अत्यंत कल्पक खेळातील ठळक दोष मानावा लागतो.

पुढील लेखांकात ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयखेळांच्या मालिकेचा विचार होईल. तिच्या १९९६ च्या पहिल्या खेळातील दोन नायकपात्रांपैकी ख्रिसला सहा आणि जिलला आठ वस्तूच बाळगता येत, आणि भीतीचा बराचसा भाग त्या मर्यादेवरच उभा होता.