विश्लेषण : संगणक सुरू, पण आवाज गायब… मदरबोर्ड खरेच बिघडलेला असतो का?

डेस्कटॉप संगणक व्यवस्थित सुरू होतो, पडद्यावर व्हिडीओही चालतो, पण स्पीकरमधून आवाज येत नाही. ही तक्रार घेऊन दुरुस्तीसाठी गेल्यावर ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘विंडोज नव्याने टाकावे लागेल’ असे उत्तर मिळू शकते. पहिल्या उत्तरात काही हजार रुपयांचा खर्च असतो, तर दुसऱ्यात साठवलेल्या फाइल गमावण्याचा धोका. दोन्हींपैकी काहीही मान्य करण्यापूर्वी घरच्या घरी अर्ध्या तासात करता येतील अशा काही तपासण्या आहेत. त्यासाठी संगणक उघडण्याचीही गरज बहुधा पडत नाही.

संगणकात आवाज नेमका कसा तयार होतो?

एके काळी आवाजासाठी संगणकात वेगळे साउंड कार्ड बसवावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ मध्ये आलेले ‘साउंड ब्लास्टर’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. पुढे १९९७ मध्ये इंटेलने ‘एसी ९७’ आणि २००४ मध्ये ‘हाय डेफिनेशन ऑडिओ’ हे मानक आणले आणि आवाजाची सोय थेट मदरबोर्डवर आली. यालाच ऑनबोर्ड ऑडिओ म्हणतात. मदरबोर्डवरील ‘कोडेक’ नावाची छोटी चिप डिजिटल आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करते. अनेक मदरबोर्डवर ही चिप तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते.

आवाजाचा प्रवास असा होतो : गाणे वाजवणारा प्रोग्राम, विंडोजचा मिक्सर, ड्रायव्हर, कोडेक चिप, मागचा जॅक, वायर आणि शेवटी स्पीकर. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी लक्षण एकच दिसते, ते म्हणजे शांतता. त्यामुळे केवळ आवाज येत नाही यावरून मदरबोर्ड बिघडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. कोणती कडी तुटली, हे आधी शोधावे लागते.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

बाहेरून आत यावे. स्पीकरला वीजपुरवठा आहे का, त्याचे बटण आणि आवाजाची चकती योग्य जागी आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर स्पीकरची वायर संगणकातून काढून इअरफोनचा जॅक असलेल्या मोबाइलला लावावी. तिथेही आवाज आला नाही, तर दोष स्पीकर किंवा वायरचा आहे आणि संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. मोबाइलवर स्पीकर वाजला, तर उलट तपासणी करावी, म्हणजे साधा इअरफोन संगणकाच्या मागच्या जॅकला लावून पाहावा.

इथे रंग महत्त्वाचे ठरतात. साधारणपणे पोपटी जॅक स्पीकर किंवा हेडफोनसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळा बाहेरून येणाऱ्या आवाजासाठी असतो. टेबलाखाली वाकून अंधारात वायर लावताना ती गुलाबी किंवा निळ्या छिद्रात जाणे अगदी सहज घडते. काही मदरबोर्डवर सगळे जॅक काळे असतात. अशा वेळी शेजारी कोरलेली चिन्हे पाहावीत. दमट हवेच्या भागात जॅकवर गंज चढून संपर्क तुटतो. वायर दोन-चार वेळा आतबाहेर केल्यावर खरखर होऊन आवाज परत आला, तर दोष तिथेच आहे.

हिरवी पट्टी काय सांगते?

वायर आणि स्पीकर ठीक असतील, तर पुढची तपासणी सर्वांत उपयोगी आहे. एखादे गाणे सुरू ठेवावे. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘साउंड’ या भागात जावे. विंडोज ११ मध्ये तिथे सर्वांत खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ असा पर्याय असतो, तर विंडोज १० मध्ये ‘साउंड कंट्रोल पॅनल’. त्यातील ‘प्लेबॅक’ यादीत प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी दिसते. आवाज ज्या उपकरणाकडे जात असेल, त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली होते.

पट्टी मॉनिटरच्या नावासमोर हलत असेल, तर आवाज एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या वायरीतून मॉनिटरकडे जात आहे. नवा मॉनिटर जोडल्यावर किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकल्यावर हे होते. मॉनिटरला स्पीकरच नसेल, तर काहीच ऐकू येत नाही. यादीतील ‘स्पीकर्स’ हे उपकरण निवडून ‘सेट डिफॉल्ट’ केले की काम होते. ते यादीत दिसत नसल्यास रिकाम्या जागी राइट क्लिक करून बंद केलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा.

पट्टी योग्य उपकरणासमोर हलत असेल आणि तरीही शांतता असेल, तर विंडोज आणि ड्रायव्हर बहुधा आपले काम करत आहेत. दोष पुढच्या टप्प्यात, म्हणजे जॅक, वायर किंवा कोडेक चिपमध्ये शोधावा. पट्टी कुठेच हलत नसेल, तर अडथळा अलीकडे आहे. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा ठेवता येतो. त्यामुळे ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये एकटा ब्राउझर म्यूट झालेला असू शकतो. ब्राउझरमधील एखादा टॅबही स्वतंत्रपणे म्यूट होतो. तिथेही सगळे ठीक असेल, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज ऑडिओ’ ही सेवा पुन्हा सुरू करावी.

अपडेटनंतरच आवाज का जातो?

ड्रायव्हर हा विंडोज आणि कोडेक चिप यांच्यातला दुभाषी असतो. विंडोजची आवृत्ती बदलली की जुना दुभाषी गोंधळू शकतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबवली. त्यानंतर जुन्या संगणकांवर विंडोज ११ टाकणाऱ्यांनी ही शक्यता लक्षात ठेवायला हवी.

‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘साउंड, व्हिडीओ अँड गेम कंट्रोलर्स’ या भागात ऑडिओच्या नावावर पिवळे चिन्ह असेल, तर ड्रायव्हरची अडचण आहे. खाली वळलेला बाण असेल, तर उपकरण केवळ बंद केलेले आहे आणि राइट क्लिक करून ते सुरू करता येते. अपडेटनंतर आवाज गेला असल्यास ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो. हा पर्याय उपलब्ध नसेल, तर ऑडिओ उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज सहसा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते. तोही चालला नाही, तर मदरबोर्डचे मॉडेल ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये पाहून त्याच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. या सगळ्यासाठी हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागत नाही.

यादीत ऑडिओचे नावच नसेल तर?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ अजिबात दिसत नसेल, तर संगणक पूर्ण बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण १५-२० सेकंद दाबून ठेवावे. वायर जोडलेली असताना बंद संगणकातही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. ती पूर्ण गेल्यावर अडकलेली चिप काही वेळा पूर्ववत होते.

त्यानेही फरक पडला नाही, तर बायोसमध्ये पाहावे. संगणक सुरू होताना बहुतेक मदरबोर्डवर ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ बटण दाबल्यावर बायोस उघडते. तेथील ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’ किंवा ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ हा पर्याय ‘एनेबल्ड’ असायला हवा. काही जुन्या मदरबोर्डवर त्याला ‘अझालिया’ म्हटलेले असते. इंटेलच्या मानकाचे ते सांकेतिक नाव होते. बायोसमधील इतर पर्याय मात्र बदलू नयेत.

फक्त कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून आवाज येत नसेल आणि मागचा चालत असेल, तर आतली छोटी वायर मदरबोर्डवरून निसटलेली असू शकते. याउलट पुढचा जॅक खराब होऊन त्यात हेडफोन लावल्याचा चुकीचा संकेत जात असेल, तर मागचे स्पीकर आपोआप बंद होतात.

मदरबोर्डच बिघडला, हे कसे ओळखावे?

पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी उबंटूसारखी लिनक्स प्रणाली इथे पंचाची भूमिका करते. ती ‘इन्स्टॉल’ न करता केवळ चालवून पाहण्याची सोय असते आणि तो पर्याय घेतल्यास हार्ड डिस्कवरील फाइलना धक्का लागत नाही. तिथे आवाज आला, तर हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष विंडोजमधला आहे. तिथेही योग्य आउटपुट निवडून, म्यूट नसल्याची खात्री करून आवाज आला नाही, तर कोडेक चिप किंवा जॅक निकामी झाल्याची शक्यता बळावते.

मात्र तरीही मदरबोर्ड बदलणे हा एकमेव उपाय नसतो. संगणक इतर सर्व कामे करत असेल, तर यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते. त्यात स्वतःची कोडेक चिप असल्याने मदरबोर्डवरील ऑडिओची गरजच उरत नाही.

आवाज जाणे कोणासाठी अधिक गंभीर?

दृष्टिहीन व्यक्तींसाठी स्पीकर बंद होणे म्हणजे पडदा काळा होण्यासारखेच आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचते, पण त्याचा वापर मुख्यतः आवाजावर अवलंबून असतो. केवळ आवाजावर अवलंबून असणाऱ्यांना आवाज गेल्यावर वर सांगितलेल्या सेटिंग्ज स्वतः तपासणे कठीण होते. अशा घरी, शाळेत किंवा कार्यालयात यूएसबी हेडफोन हाताशी असावा. तो लावल्यावर विंडोज बहुधा आवाज तिकडे वळवते आणि बाकीची तपासणी वापरकर्त्याला स्वतः करता येते.

कोणती खबरदारी घ्यावी?

ड्रायव्हर शोधताना ‘एका क्लिकमध्ये सर्व ड्रायव्हर अपडेट’ असे सांगणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाळावीत. इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करून अनोळखी व्यक्तीच्या हाती संगणकाचा ताबा देणे त्याहून धोक्याचे. आवाज दुरुस्त करण्याच्या निमित्ताने बँकेचे तपशील किंवा ओटीपी मागितला गेला, तर ती फसवणूक समजावी. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. दुकानात जावेच लागले, तर कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यात काय आढळले, हे कागदावर लिहून न्यावे. मोबाइलवर स्पीकर वाजतो, हिरवी पट्टी हलते आणि पेन ड्राइव्हवरील लिनक्समध्येही आवाज येतो, एवढे सांगता आले, तर मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला त्याचे कारणही सांगावे लागेल.