जुन्या डिझेल मोटारींतील टर्बोचार्जर : वंगणपुरवठ्यातील दोषांचे निदान

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा मोटारनिर्मितीसाठी देशभर परिचित आहे. १९९८ मध्ये बाजारात आलेली टाटा सफारी व २०१० मध्ये आलेली फोक्सवॅगन पोलो या दोन्ही मोटारी याच पट्ट्यात घडल्या. सफारीच्या आरंभीच्या आवृत्तीत तसेच पोलोच्या डिझेल आवृत्तीत टर्बोचार्जर होता. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाल्यावर अनेक उत्पादकांनी लहान डिझेल मोटारी बंद केल्या. तथापि त्यापूर्वी विकल्या गेलेल्या अनेक मोटारी आजही रस्त्यावर आहेत. अशा मोटारीचा टर्बो निकामी झाला की नवा बसविला जातो आणि पुष्कळदा तोही अल्पावधीत निकामी होतो. टर्बोचा बिघाड हा बहुधा मूळ रोग नसून वंगणपुरवठ्यातील दोषाचे लक्षण असतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टर्बोचार्जर व वंगणतेल :

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या शक्तीवर हवा दाबून इंजिनात भरण्याच्या या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. लहान डिझेल इंजिनाच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला तप्त वायू, तर दुसऱ्या टोकाला बाहेरून येणारी हवा असते. एवढ्या वेगात शाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. तो तेलाच्या पातळ पटलावर तरंगतो. या पटलाची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. शाफ्टला आधार देणे आणि उष्णता वाहून नेणे ही दोन्ही कामे तेल करते. पुरवठा काही सेकंद जरी खंडित झाला तरी धातूवर धातू घासतो.

ऑईल पंप चेंबरमधील तेल गाळणीतून ओढतो व फिल्टरमार्गे इंजिनात पाठवितो. तेथून बारीक नळीने ते टर्बोत येते आणि जाड नळीने केवळ गुरुत्वाकर्षणाने चेंबरमध्ये परतते. या मार्गावर कोठेही अडथळा आला तरी त्याचे परिणाम टर्बोत दिसतात.

दोषांची कारणे :

पहिले कारण तेलाचा दर्जा व ते बदलण्यातील दिरंगाई हे होय. घर ते कंपनी अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. तेलात न जळलेले डिझेल व ओलावा मिसळून गाळ तयार होतो. दुसरे कारण म्हणजे तप्त इंजिन एकदम बंद करणे. बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचताच चावी फिरविली तर टर्बोतील थांबलेले तेल भाजते व त्याचा कोळसा नळीत जमतो. त्यापूर्वी एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवणे हितावह असते. तिसरे कारण जोडणीच्या वेळी सढळ हाताने लावलेले सीलंट. त्याचा तुकडा सुटून बारीक नळी बंद होऊ शकते.

निदानाचा क्रम :

प्रथम मोटारीचा पूर्वेतिहास विचारावा. निळा धूर तेल जळत असल्याचे, तर काळा धूर हवा अपुरी पडत असल्याचे सुचवितो. त्यानंतर इंजिन गरम असताना स्वतंत्र मापक जोडून तेलाचा दाब मोजावा व उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

परंतु दाब म्हणजे प्रवाह नव्हे. नळी जवळजवळ बंद असतानाही इंजिनातील दाब योग्य दिसू शकतो. म्हणून परतीची नळी सोडवून, टर्बोतून येणारे तेल ठरावीक वेळ मापपात्रात घ्यावे. तेल तप्त असल्याने हे काम जाणकारानेच करावे.

या दोन मापनांतून दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित होते. दाब योग्य पण प्रवाह कमी असल्यास पुरवठ्याच्या नळीत अडथळा संभवतो. दोन्ही कमी असल्यास गाळणी, पंप वा इंजिनाची झिजलेली बेअरिंगे तपासावीत. दोन्ही योग्य असूनही टर्बोतून तेल गळत असल्यास परतीची नळी व ब्रीदर पाहावा. चेंबरमध्ये वायूचा दाब वाढल्यास तेल खाली उतरत नाही.

खोललेला टर्बोही साक्ष देतो. निळसर पडलेला शाफ्ट तेलाची टंचाई, तर त्यावरील ओरखडे तेलातील कचरा दर्शवितात. शाफ्टची आडवी किंचित हालचाल स्वाभाविक असते. लांबीच्या दिशेने जाणवणारी हालचाल मात्र झिजेची खूण होय.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील जुन्या डिझेल मोटारीचा टर्बो एका गॅरेजमध्ये बदलण्यात आला. काही आठवड्यांतच पुन्हा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला व पिकअप गेला. त्यानंतर भोसरीतील एका मेकॅनिकने दुसरा टर्बो मागविण्यापूर्वी पुरवठ्याची नळी कापून दाखविली. आत कोळशाचा कठीण थर होता. मधून जेमतेम सुई जाईल एवढीच वाट उरली होती. नळीची किंमत टर्बोच्या तुलनेत नगण्य होती. तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

समारोप :

नवा टर्बो बसविताना पुरवठ्याची नळी, तेल व फिल्टर बदलावेत, चेंबरमधील गाळणी साफ करावी आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत तेल भरावे. येथे प्रश्न केवळ खर्चाचा नाही. झिजलेल्या टर्बोतून इंजिनात शिरणाऱ्या तेलावर डिझेल इंजिन चावी बंद करूनही अनियंत्रित वेगाने धावू शकते. आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी अशा मोटारी आहेत. जे निकामी झाले ते बदलण्यापूर्वी ते का निकामी झाले हे विचारण्याची सवय त्यांना लावणे हे कोणत्याही विषयाच्या अध्यापकाचे काम आहे.