घरी रुजू होण्याचा दाखला

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि लगतच्या नांदेड, किरकिटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून रोज तीन आकडे छापले जात : एकूण रुग्ण, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण आणि घरी सोडलेले रुग्ण. साथ ओसरली तेव्हा पहिला आकडा दोनशेच्या वर गेला होता. तिसऱ्या आकड्यात प्रस्तुत लेखकाच्या पत्नीचा समावेश होता. आकडेवारीच्या दृष्टीने तिचे प्रकरण तेथे निकालात निघाले. वस्तुतः ज्या दिवशी ती घरी आली, त्या दिवशी तिला पलंगावरून स्वतःहून उठताही येत नव्हते.

या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते. अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. मज्जातंतूचे केवळ आवरण दुखावले असेल तर सुधारणा लवकर होते. आतला तंतूही दुखावला असेल तर तो पुन्हा वाढण्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर कापण्यास त्या हिशेबाने एक वर्ष सहज लागते. बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात हे खरे, पण थकवा त्यानंतरही रेंगाळतो. तो बाहेरच्याला दिसत नाही. भेटीस येणारे नातलग ‘आता छान दिसतेस की’ असे म्हणून जात आणि ते गेल्यावर ती तासभर डोळे मिटून पडून राही.

माझी पत्नी शिक्षिका आहे. शाळेत पुन्हा रुजू होण्यासाठी तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला लागतो. स्वयंपाकघरात रुजू होण्यासाठी तो कोणी मागत नाही, आणि नेमकी तेथेच खरी अडचण आहे.

गृहकृत्यांचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, हे मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते, हे पिगू यांनी दाखवून दिलेले कोडे विद्यार्थ्यांना नेहमी हसवते. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७. हे आकडे मला तोंडपाठ होते. आमच्या घरात त्यांचा अर्थ काय, हे मात्र एका वहीने शिकवले.

ती घरी आल्यावर मी सवयीने एक वही घातली. औषधांच्या वेळा, व्यायाम, आणि कोणी कोणते काम किती वेळ केले याची नोंद. पहिल्या तीन आठवड्यांची बेरीज केली तेव्हा जे दिसले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. महाविद्यालय सांभाळून मी खूप काही करतो आहे, असा माझा समज होता. परंतु पत्नीच्या वाट्याचे बहुतेक तास माझ्याकडे आलेच नव्हते. ते गेले होते आमच्या मुलीकडे. ती दहावीत होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. कोणी तिला सांगितले नव्हते. मीही थांबवले नव्हते.

पत्नीने मात्र हे वही न पाहताच ओळखले होते. वॉकर धरून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ लागली, खुर्ची मागवून मेथी निवडू लागली, तेव्हा आम्हा सर्वांना कोण आनंद झाला! फिजिओथेरपिस्टनेही बोटांच्या व्यायामासाठी कणीक मळण्यास सुचवले होते. पण पंधरा मिनिटांवर तिचे हात थरथरत आणि तरी ती थांबत नसे. उपचार कोठे संपला आणि मुलीला सोडवण्याची घाई कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण होते. घरातील बाईच्या विश्रांतीची किंमत बहुधा दुसरी बाई मोजते. हे तिला ठाऊक असते, म्हणून ती बरी होण्याआधीच उठते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळी कामे अंगावर घेतली, डबे सोयीप्रमाणे हलवले, त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. एके दिवशी तिच्या हातून वाटी पडली आणि मी धावत गेलो. ती शांतपणे म्हणाली, “पडू द्या. आवाज झाला की धावत येऊ नका. आणि माझा मिसळणाचा डबा कुठे ठेवलात?” डबा मी खालच्या फळीवर ठेवला होता. तिने तो उचलला, वाटेत दोनदा टेकवला, आणि शेगडीच्या उजव्या अंगाला जुन्या जागी ठेवला. एवढ्याला पाच-सहा मिनिटे लागली असतील. गृहकृत्य म्हणजे केवळ भार, तो वाटून टाकला की प्रश्न सुटला, हे माझे अर्थशास्त्र तेथे अपुरे पडले. त्या कामांत तिचा अधिकारही होता आणि तो मी न विचारता काढून घेतला होता.

त्यानंतर आम्ही एक-एक काम घेऊन बोललो. कोणते तिला परत हवे आहे, कोणते नको आहे. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला.

हे केवळ आमच्या घरचे रडगाणे असते तर येथे मांडले नसते. बऱ्याच आरोग्य विमा योजना रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसांपुरताच देतात; तंतूच्या मिलिमीटरशी त्या मुदतीचा काही संबंध नाही. मूल झाल्यावर रजा असते. पत्नीला पुन्हा उभे राहण्यास मदत करण्यासाठी मला मिळाली ती उरलीसुरली किरकोळ रजा. न्यायालयांनी गृहिणीच्या श्रमाची किंमत ठरवली आहे, २००१ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्येही. परंतु दोन्ही वेळा ती मृत्यूनंतरच्या नुकसानभरपाईसाठी होती. जिवंत राहून जी हळूहळू बरी होते, तिच्या सक्तीच्या विश्रांतीचे तास कोणी भरून काढायचे, याचा विचार अद्याप कोणत्याच कचेरीत झालेला दिसत नाही.

मुलीची परीक्षा पार पडली. तिला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले. कारण काय, ते घरात कोणी बोलत नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर पत्नी शाळेत रुजू झाली. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब तिने परत मागून घेतला. अक्षर थोडे वाकडे येई. रात्रीचा स्वयंपाक तिने परत घेतलेला नाही. तो माझ्याकडे आहे.