परवाना जुना, संहिता नवी

परवानाधारक अभियंत्याचे चालू शिक्षण म्हणजे पदवी आणि नोंदणी हातात आल्यावरही ठराविक मुदतीत ठराविक तास शिकल्याचा पुरावा देत राहणे. तो दिला नाही तर नोंदणीचे नूतनीकरण अडते. भारतात अभियंत्यांना ही अट सरसकट लागू नाही. डॉक्टर किंवा वकिलांसारखा देशव्यापी कायदाच त्यांच्यासाठी नाही. मसुदे मात्र अनेकदा झाले. घराच्या नकाशावर सही करण्याचा अधिकार त्यामुळे राज्याच्या बांधकाम नियमांतून येतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपूरला तो मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 मधून येतो, आणि सीमा ओलांडून रावेर-मुक्ताईनगरात गेले की महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीतून. दोन्हीकडे आधी शिक्षण आणि अनुभव पाहिला जातो. नंतरच्या वीस वर्षांत माणसाने काय वाचले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तो विचारण्याचे कारण शाहपूरसारख्या गावात चांगले दिसते. इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचे हे गाव केळीचे आहे. भाव चांगला लागला की जुन्या घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते, तळमजला आणि वर एक-दोन मजले. भिंत नऊ इंची विटांची असते, म्हणून कॉलमही नऊ इंची हवा असतो. कॉलम भिंतीच्या बाहेर आला तर खोलीत कोपरा दिसतो, कपाट नीट बसत नाही, आणि घरमालकाला ते खपत नाही. अभियंता नऊ बाय बाराचा कॉलम काढून देतो. पूर्वीच्या संहितेनुसार त्यात चूकही नव्हती.

बदलली ती संहिता. भूकंपात काँक्रीटची चौकट एकदम कोसळू नये म्हणून सळया कशा बांधायच्या, हे आयएस 13920 सांगते. तिची पहिली आवृत्ती 1993 ची, किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षीची. देशाच्या भूकंप नकाशावर तापीचे खोरे तिसऱ्या विभागात येते, आणि 14 मार्च 1938 च्या सातपुडा भूकंपाने या पट्ट्याला सहाहून अधिक तीव्रतेचा धक्का दिलेला आहे. तरीही मूळ संहितेने तिसऱ्या विभागातली पाच मजल्यांपर्यंतची साधी घरे वगळली होती. भूजच्या भूकंपानंतर, 2002 च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. पुढे 2016 च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू 200 वरून 300 मिलिमीटर झाली. नऊ इंच म्हणजे साधारण 230 मिलिमीटर. ज्याने 1998 मध्ये पदविका घेतली आणि नंतर संहिता उघडली नाही, तो आजही मनापासून समजतो की हा सगळा प्रकार आसाम-काश्मीरचा, नाहीतर मुंबईच्या टॉवरचा. हा अप्रामाणिकपणा नव्हे. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी गोष्ट कॉलमच्या उभ्या सळयांभोवती घालायच्या रिंगांची. मिस्त्री फळीवर खिळे ठोकून साचा करतो आणि आठ मिलिमीटरच्या सळईची रिंग वाकवतो. शेवटचा आकडा काटकोनात वाकवणे सोपे, हाताला जोर कमी लागतो. संहिता 135 अंश मागते, म्हणजे टोक कॉलमच्या गाभ्यात वळले पाहिजे. धक्क्यात बाहेरचे काँक्रीट सुटून पडते, तेव्हा काटकोनी आकडा उघडतो आणि उभ्या सळया मोकळ्या होऊन बाहेर फुगतात. आत वळलेला आकडा धरून राहतो. आकड्यापुढे टोक किती ठेवायचे, हेही बदलले. 1993 मध्ये सळईच्या जाडीच्या दहापट, किमान 75 मिलिमीटर. 2016 मध्ये सहापट, किमान 65. आठच्या रिंगेला म्हणजे 80 ऐवजी 65. नवी संहिता दरवेळी जास्तच लोखंड खाते, ही ठेकेदारांची तक्रार इथे तरी टिकत नाही.

हे कळण्याच्या वाटा आहेत, पण विखुरलेल्या. सरकारी अभियंत्यांसाठी नाशिकची अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आणि छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) 1980 मध्ये स्थापन झालेली वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आहे. 2003 मध्ये सुरू झालेला भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः महाविद्यालयीन शिक्षकांसाठी होता. आयआयटी कानपूरच्या 24 भूकंप टिपा सोप्या, सचित्र आणि हिंदीतही आहेत. भारतीय मानके आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. खाजगी परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा सिमेंट-सळईच्या कंपन्यांचे मेळावे येतात. तिथे जेवण चांगले असते आणि माहिती त्यांच्या मालाची.

सक्ती कशी असते, हे अमेरिकेत दिसते. टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत 1937 मध्ये वायूचा स्फोट होऊन सुमारे 300 जीव गेले, आणि त्याच वर्षी त्या राज्याने अभियंत्यांच्या परवान्याचा कायदा केला. चालू शिक्षणाची सक्ती त्यानंतर बऱ्याच काळाने आली. ती प्रथम केली आयोवाने, 1979 मध्ये. आज बहुतेक राज्ये वर्षाला सुमारे 15 तास मागतात, त्यांत अनेकदा एक तास व्यावसायिक नीतीचा. नोंदी अभियंत्यानेच ठेवायच्या. मंडळ काही जणांची निवड करून तपासते. कॅलिफोर्नियाने ही अट घातलेलीच नाही आणि तिथल्या इमारती त्यामुळे पडत नाहीत, हा विरोधकांचा आवडता मुद्दा. त्यात तथ्य आहे. तास मोजले की खुर्चीत बसणे मोजले जाते. महाराष्ट्रात डॉक्टरांना पाच वर्षांत 30 श्रेयगुण मिळवावे लागतात, त्यांचीही कुरकुर हीच.

भारतात याच्या जवळ जाणारी व्यवस्था ऐच्छिक आहे. 1920 मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंत्यांची नोंदवही ठेवते. तिच्यासाठी पदवीनंतर सात वर्षांचा अनुभव, त्यात दोन वर्षे मोठ्या कामाची जबाबदारी आणि चालू शिक्षणाचा पुरावा लागतो. परदेशी कंत्राटात तिचा उपयोग होतो. शाहपूरच्या घराला तिचे काम नाही.

इथे नकाशा एबीपास या राज्याच्या संगणकप्रणालीतून जातो. ती सोडलेली जागा, उंची, चटई क्षेत्र मोजते. रिंगेचा आकडा तिला दिसत नाही. त्याची हमी अभियंत्याच्या सहीत असते. म्हणून तास मोजण्यापेक्षा, गेल्या नूतनीकरणानंतर बदललेल्या कलमांवर एक छोटी परीक्षा घेणे इथे जास्त उपयोगाचे. मिस्त्रीला तर परवानाच नसतो; त्याच्यापर्यंत नवे कलम पोचते ते अभियंता स्लॅब भरण्याआधी जागेवर गेला तरच. अमेरिकेतली मंडळे अभ्यासक्रम प्रथम शिकवणाऱ्या अभियंत्याला शिकणाऱ्याच्या दुप्पट तास देतात. फळीशी उभे राहून रिंग वाकवून दाखवल्याचे तास मात्र तिथल्या नोंदवहीतही धरले जात नाहीत.